पुढें ढकललेली यात्रा

आईबापांच्या कर्तव्यास शेवट आहे काय, आणि असल्यास तो कोठें, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा कोणी उघडपणें विचारीत नाहीं. तो पुढें येतो तो बहुधा एखाद्या किरकोळ निमित्तानें. सेवानिवृत्त झालेलें जोडपें लांबच्या यात्रेस निघण्याच्या तयारींत असतें. तिकिटें काढून झालेलीं असतात, मुक्काम ठरलेले असतात, सोबतहि चांगली मिळालेली असते. आणि नेमक्या त्याच वेळीं परगांवीं असलेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या दुखण्याची बातमी येते. जावें कीं राहावें? मूल लहान असतें तर हा प्रश्नच उद्भवला नसता. परंतु मूल मोठें झालें म्हणजे तें आपलें राहतें, पण आपल्या स्वाधीन राहत नाहीं. आणि खरी अडचण येथेंच आहे.

पुष्कळ घरांत याचें उत्तर आधींच ठरलेलें असतें: जाणें रहित करावें. या उत्तरामागें मोठी परंपरा आहे, हें मी नाकारीत नाहीं. एकनाथांची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. काशीहून रामेश्वरास नेण्यासाठीं खांद्यावरून आणलेली गंगेची कावड त्यांनीं वाटेंत वाळवंटांत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखीं रिकामी केली. देवाचें पाणी मुक्या जनावरास पाजणाऱ्या संताचे आपण वारस. मग पोटच्या पोराच्या दुखण्यापुढें यात्रेचा काय पाड? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण कथेंतील एक-दोन गोष्टी आपल्या ध्यानांतून निसटतात. त्या गाढवास पाण्याचीच गरज होती, आणि नाथांजवळ पाणीच होतें. शिवाय या कावडीसाठीं आपण किती कोस चाललों, हें नाथांनीं त्यास कधीं ऐकविलें नाहीं.

दुखण्याचें स्वरूपहि आतां पूर्वीचें राहिलेलें नाहीं. आपल्या पणज्यांच्या काळीं मोठें दुखणें म्हणजे बहुधा कांहीं आठवड्यांचा मामला असे. एक तर रोगी उठे, नाहीं तर घर शोकांत बुडे. लहान वयांत जडणारा मधुमेह घ्या. १९२१ सालीं टोरंटो येथें इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीं हा रोग जडलेलीं मुलें सहसा मोठीं होतच नसत. जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्प्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलास तें औषध प्रथम टोंचण्यांत आलें, आणि तो पुढें १३ वर्षें जगला. आज तोच रोग घेऊन माणसें शिकतात, नोकरी करतात, संसार करतात आणि म्हातारीं होतात. म्हणजे जन्मभराचें दुखणें सांभाळीत प्रौढ झालेलें मूल ही व्यक्तीच मोठ्या प्रमाणावर गेल्या शंभर वर्षांतील वैद्यकानें आपल्या घरांत आणली आहे. तिच्याशीं वागण्याचा धर्म मात्र आपण जुन्या पोथींतूनच काढूं पाहतों. सहा आठवड्यांसाठीं योग्य असलेला त्याग चाळीस वर्षें चालवूं गेल्यास त्याचें रूप बदलतें.

माझ्या परिचयाच्या एका घरांतील हकीगत या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. मुलीस अकराव्या वर्षापासून हा मधुमेह. ती आतां बत्तीस वर्षांची. दुसऱ्या शहरांत नोकरी करते, एकटी राहते, दिवसांतून चार वेळां आपली सुई आपणच टोंचून घेते. आईबापांनीं केदारनाथ-बद्रीनाथाचा बेत केला, आणि निघण्यापूर्वीं आठ दिवस ती अंगांत ताप असतांना रक्तांत आम्ल साचून बेशुद्ध झाली. दोघें धांवत गेलीं. तिसऱ्या दिवशीं ती धोक्याबाहेर पडली, पंधरवड्यानें कामावर गेली. त्या वर्षींची यात्रा राहिली, आणि ती राहावयासच हवी होती. याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या वर्षीं तिला नुसता सर्दी-ताप आला. ‘मी ठीक आहें, तुम्ही निघा,’ असें तिनें दोनदां कळविलें. तरीहि आईनें बांधलेलें सामान सोडलें. पुढें घरीं येणाऱ्या-जाणाऱ्यास ही गोष्ट सांगण्यांत येई. सांगण्यांत तक्रार नसे, उलट कौतुकच असे: ‘आमचा केदारनाथ म्हणजे आमची पोरच.’ तिसऱ्या वर्षीं आईबाप एकदांचे निघाले आणि सुखरूप परत आले. आल्यावर त्यांना कळलें कीं, निघण्याच्या आदल्या आठवड्यांत मुलगी पुन्हां चार दिवस रुग्णालयांत होती. मैत्रिणीस तिनें शपथ घातली होती, ‘घरीं कळवूं नकोस.’

या लपवालपवीचा दोष मुलीस देणें सोपें आहे. पण ती तिला शिकविली कोणीं? दोन वर्षांत तिला एवढेंच कळलें होतें कीं, आपला ताप सांगितला म्हणजे आईचें देवदर्शन चुकतें. ज्या रोगांत तापाच्या वेळीं साखर वारंवार पाहणें आणि इन्सुलिन न सोडणें यांवर जीव अवलंबून, त्या रोगांत ‘आज मला बरें नाहीं’ असें नि:संकोचपणें सांगतां येईल असें माणूस असणें हें औषधाइतकेंच मोलाचें. आईबापांच्या त्यागानें नेमकें तेंच नाहींसें केलें.

मला वाटतें, मोठ्या मुलासाठीं आपण जो त्याग करतों त्यांत दोन निरनिराळे जिन्नस मिसळलेले असतात. एक वात्सल्य, दुसरें आपलें स्वत:चें भय. वात्सल्य विचारतें, ‘तुला काय हवें?’ भय विचारीत नाहीं. त्याला फक्त जवळ जाऊन बसावयाचें असतें. जवळ बसण्यानें आपल्या जिवाची तळमळ थांबते, हें खरें, आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. पण आपली तळमळ शमविण्याचा खर्च मुलाच्या नांवें लिहिणें हा हिशेब खरा नव्हे.

यावर कोणी म्हणेल, हें सारें स्वार्थाचें मंडन आहे. आईबापांस मौजेची मोकळीक देण्यासाठीं रचलेलें तत्त्वज्ञान आहे. आक्षेप वजनदार आहे. आजारी माणूस ‘तुम्ही जा’ म्हणतें तें पुष्कळदां भिडेनें म्हणतें, आणि त्या शब्दाच्या आड लपून निघून जाणारेहि लोक असतात. म्हणूनच विचारणें हें दिसतें तितकें सोपें काम नाहीं. मुलगा सोळा वर्षांचा झाला म्हणजे त्याच्याशीं मित्राप्रमाणें वागावें, हें जुनें वचन आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. मित्राला आपण जसें विचारतों, म्हणजे नकोसें उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून, तसें मुलाला विचारलें पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें तर मनाच्या दुखण्याच्या बाबतींतहि प्रत्येक सज्ञान माणसास, आपल्यावर कसे उपचार व्हावे आणि आपल्या वतीनें कोणीं बोलावें, हें आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आहे. जें कायद्यास कळलें तें घरास कळूं नये काय? कोणत्या लक्षणांस धोका समजावयाचें, मुलाजवळ कोण येऊन राहील, कोणत्या प्रसंगीं आपण वाटेंतून परतावें, हें त्याची प्रकृति बरी असतांनाच त्याच्याशीं बोलून ठेवावें. आणि धोका खरा असेल, किंवा मूल ‘या’ म्हणालें, तर सगळे बेत बाजूस सारून निघावें. तेथें तत्त्वचर्चेस जागा नाहीं.

दुसऱ्या बाजूचाहि एक हक्क आहे. केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे, आणि भाऊबीजेस त्याचीं दारें हिवाळ्यासाठीं मिटतात. साठी उलटलेल्या माणसाच्या गुडघ्यांस ‘पुढच्या वर्षीं’ या शब्दांनीं दिलासा मिळत नाहीं. बांधलेलें सामान सोडण्याची पाळी बहुतेक घरांत आईवरच येते. आणि जिनें तीस वर्षें स्वयंपाकघर, मुलांच्या परीक्षा आणि त्यांचीं दुखणीं यांपलीकडे पाहिलें नाहीं, तिची यात्रा ही चैन नव्हे. तिलाहि स्वत:चें आयुष्य आहे, हें मुलाला दिसलें पाहिजे. आपल्यामुळें आईचें आयुष्य थांबलें, या जाणिवेनें कोणा रोग्यास बरें वाटल्याचें मीं पाहिलेलें नाहीं.

तेव्हां जावें कीं राहावें, याचें सर्व प्रसंगीं लागू पडेल असें उत्तर देतां येणार नाहीं. राहावयाचें ठरलें तर तें रोग्याच्या उपयोगासाठीं असावें, आणि मग त्याचा उच्चार पुन्हां होऊं नये. जावयाचें ठरलें तर मोकळ्या मनानें जावें, परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे बांधून ठेवावे, आणि संध्याकाळीं फोन लागेल अशा ठिकाणीं मुक्काम करावा. आपलें मोठें झालेलें मूल आपलें दुखणें आपल्याला मोकळेपणानें सांगतें कीं नाहीं, एवढी एक खूण मात्र आईबापांनीं वरचेवर तपासून पाहावी. तें सांगत असेल, तर आपण गेलों काय आणि राहिलों काय, आपलें फारसें चुकलेलें नाहीं असें समजण्यास हरकत नाहीं.