चांदण्याला जागा हवी

शहरातल्या दिव्यांनी आकाशगंगा कधीच पुसून टाकली. पुण्या-मुंबईत आता मोजकेच तारे दिसतात. पौर्णिमेच्या चंद्राला मात्र हे दिवे हटवू शकलेले नाहीत. इमारतींच्या फटीतून, उड्डाणपुलावरून, लोकलच्या दारातून तो दिसतोच. त्यामुळे निदान पौर्णिमा तरी आपल्याकडे शाबूत आहे, अशी आपली समजूत होते. ती खरी नाही. चंद्र शाबूत आहे. चांदणे आपण घालवून बसलो आहोत. आणि पौर्णिमेच्या रात्री उघड्यावर बसण्यात जे निवांत सुख आहे, ते बहुतेक सगळे चांदण्याचे आहे.

चंद्रबिंब कितीही देखणे असले तरी ते डोळाभर पाहून लवकर होते. सूर्य मावळता मावळता पूर्वेला तो लालसर, थोराड चंद्र वर येतो आणि पाहणारा थबकतो. तासाभरात तो पांढरा होतो, लहान वाटू लागतो. खरे तर आकार तोच असतो. हात लांब करून करंगळीचे नख समोर धरावे. उगवतानाही चंद्र त्याआड झाकला जातो आणि माथ्यावर आल्यावरही. यानंतर नजर आपसूक खाली उतरते, आणि पौर्णिमा खऱ्या अर्थाने तिथे सुरू होते.

तिला वेळ मात्र द्यावा लागतो. चंद्राचा पृष्ठभाग मुळात काळपट आहे. अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशातला जेमतेम 12 टक्के तो परत पाठवतो. पौर्णिमेचा उजेड भर उन्हाच्या सुमारे चार लाखावा हिस्सा असतो. इतक्या मंद उजेडाला डोळे नीट सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मध्येच मोबाइल उजळला, की बराचसा सराव वाया जातो.

हे अनुभवाने जाणणारी माणसे वैशाखात विदर्भातल्या जंगलांत भेटतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात, ताडोबाच्या परिसरात पाणवठ्याकाठच्या मचाणांवर लोक रात्रभर बसतात. भर उन्हाळ्यात पाणी ठरावीक जागीच उरते आणि पाहण्यापुरता उजेड चंद्र देतो, म्हणून प्राणीगणनेसाठी ही रात्र ठरली. मचाणावर बोलायचे नसते, बॅटरी लावायची नसते. सुरुवातीला पाणवठा म्हणजे नुसता काळोखाचा पट्टा. हळूहळू काठावरचे दगड एकेक करून सुटे दिसू लागतात. सागाची पाने गळालेली असतात, त्यामुळे फांद्यांच्या सावल्या थेट जमिनीवर उमटतात. रंग कुठेच नसतो. सांबर येते तेव्हा ते तपकिरी दिसत नाही. बराच वेळ झाडाची सावली म्हणून जे पाहत होतो त्याचे कान हलतात, तेव्हा कळते. ते काठाशी थांबते, ऐकते, दोन पावले टाकून पुन्हा थांबते, मग कुठे मान खाली घालते. पाण्यावर वलये उठतात आणि त्यातला चंद्र विस्कटतो.

वाघांच्या अंदाजासाठी आता कॅमेरा ट्रॅप वापरतात. मचाणावरच्या नोंदींना पूर्वीचे महत्त्व राहिलेले नाही आणि वनविभागही या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणू लागला आहे. तरी मचाण मिळावे म्हणून लोक नावे नोंदवतात, दूरदूरहून येतात. मोजदादीची गरज ओसरली तरी बसणे टिकून राहिले. त्या बसण्याचे स्वतःचे मोल आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

ते मोल कशात आहे? आपण दिवा लावतो तेव्हा काय पाहायचे हे आधीच ठरलेले असते. बाकीचे सगळे आपण स्वतःच अंधारात ढकलतो. चांदणे असे निवडत नाही. दगड, पाणी, जनावर आणि आपण, सगळ्यांवर ते सारखेच पडते. त्यात काही शोधून काढता येत नाही, दिसेल त्याची वाट पाहावी लागते. दिवसभर हुकमत गाजवणाऱ्या मनाला हे सक्तीचे वाट पाहणे विश्रांतीसारखे लाभते.

यासाठी जंगलातच जायला हवे असे नाही. आश्विनातली कोजागरी हे सुख गच्चीवर आणून देते. पावसाने हवा धुतलेली असते. वैशाखातला चंद्र दक्षिणेकडे कललेला असतो. कोजागरीचा मध्यरात्री जवळजवळ माथ्यावर येतो. म्हणूनच पातेल्यावर वाकले की आटवलेल्या दुधात त्याचे बिंब सापडते. पण आज कित्येक गच्च्यांवर त्या रात्री हॅलोजन लावतात, ध्वनिक्षेपक आणतात. लोक जमतात हे चांगलेच आहे. ज्याच्यासाठी जमले ते मात्र त्यांना मिळत नाही, याचे मनापासून वाईट वाटते.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. ज्यांनी रोजचे बारा-बारा तास भारनियमन सोसले, त्यांना अंधाराचे कौतुक कुणी सांगू नये. आणि रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला रस्त्यावर दिवा हवाच. पण दिवा रस्त्यावर असणे वेगळे आणि त्याचा झोत आकाशात, डोळ्यांत, शेजाऱ्याच्या खिडकीत जाणे वेगळे. डोळे दिपवणाऱ्या दिव्यापलीकडची सावली अधिकच गडद होते; तिथे उभा असलेला माणूस दिसत नाही. वर झाकण असलेला, खाली तोंड केलेला दिवा कमी विजेत अधिक कामाचा उजेड देतो.

हे करून दाखवलेले आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतले दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. गावे अंधारात गेली नाहीत. आकाश तेवढे मोकळे झाले. ताऱ्यांसाठी केलेली ही तजवीज चांदण्यालाही तितकीच उपयोगी आहे.

शहरांनाही एवढे जमेल. नवे पथदिवे झाकणाचे घ्यावेत. पौर्णिमेला एखादे सार्वजनिक उद्यान उशिरापर्यंत खुले ठेवून आतले मोठे दिवे मंद करावेत, पायवाटेपुरता उजेड आणि राखणदार ठेवावा. सोसायट्यांनी गच्चीवरचे दिवे तासभर बंद करावेत. पौर्णिमा वर्षात बारा, अधिक महिना आला तर तेरा. त्यातल्या पावसाळ्यातल्या बऱ्याचशा ढगांतच जातात. उरलेल्या थोड्या रात्रींचा एकेक तास मागणे हे कुठल्याही नगरपालिकेला किंवा सोसायटीला जड नाही. ज्या मुलाने स्वतःची चांदण्यातली सावली अजून पाहिलेली नाही, त्याच्यासाठी तरी हे मागायला हवे.