भूपातला मध्यम आणि स्वधर्माचा प्रश्न

स्वधर्म शोधावा लागत नाही, तो जन्माबरोबरच येतो, असे विनोबा भावे यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातील गीता प्रवचनांत सांगितले. ज्या आईबापांच्या पोटी आणि ज्या समाजात माणूस जन्मतो, त्यांची सेवा त्याच्या वाट्याला आपसूक येते, असा त्यांचा रोख. विनोबा मूळचे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, धरमतरच्या खाडीच्या मुलखातले. १९१६ साली घर सोडून त्यांनी काशी गाठली आणि तिथून ते गांधीजींकडे गेले. जन्मप्राप्त कर्तव्याचा हा भाष्यकार स्वतः मात्र घर सोडून निघालेला होता, ही गोष्ट त्यांचे विवेचन वाचताना विसरू नये.

लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५) या प्रश्नाला वेगळे वळण मिळते. गीतेचा कर्मयोग चातुर्वर्ण्यावर अवलंबून नाही. समाजव्यवस्था कोणतीही असो, जे काम ज्याने पत्करले ते लोकसंग्रहासाठी नेटाने पार पाडणे हे त्याचे कर्तव्य, असे टिळक मानतात. जन्माने मिळालेले आणि स्वतः पत्करलेले यांतला हा फरक परमुलखात जाऊन राहिलेल्या कलावंताच्या बाबतीत फार ठळक होतो.

पियानोवादक आणि संगीतकार लुई बँक्स यांचा जन्म १९४१ साली दार्जिलिंगमधल्या एका नेपाळी कुटुंबात झाला. मूळ नाव डंबर बहादूर. वडील पुष्कर बहादूर ट्रम्पेट वाजवत. कलकत्त्याच्या बँडमध्ये ते जॉर्ज बँक्स झाले आणि मुलाला त्यांनी लुई आर्मस्ट्राँगचे नाव दिले. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘ब्लू फॉक्स’ रेस्टॉरंटमध्ये नावारूपाला आल्यावर मुलगा पुढे मुंबईत स्थायिक झाला, चित्रपट आणि जाहिरातींच्या संगीतात रमला आणि भारतीय जॅझचा अग्रणी ठरला. अशा माणसाचा जन्मप्राप्त धर्म कोणता म्हणायचा? नेपाळी लोकसंगीत, की बापाकडून आलेले न्यू ऑर्लिअन्सचे सूर? विनोबांचा निकष काटेकोरपणे लावला तरी उत्तर जॅझ असेच येते, कारण घरात तेच होते. शिवाय जॅझ ही मुळातच उखडलेल्यांची कला. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांनी ती परक्या वाद्यांवर उभी केली. ती वाजवणारेही असेच मुलूख सोडून निघालेले: १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड अमेरिकेतून शांघायमार्गे इथे पोचला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने गेला.

खरी कसोटी लागते ती जॅझ रागासमोर बसते तेव्हा. पियानोची प्रत्येक पट्टी एका ठरलेल्या स्वराला बांधलेली असते. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड नाही, आणि दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हलका झुलणारा, कोमल गंधार तर अशक्यच. कॉर्डची अडचण याहून मोठी. सप्तकातला एक स्वर सोडून एक घेत तीन स्वरांची साधी कॉर्ड बनते. सा, रे, ग, प, ध या भूप रागाच्या पाच स्वरांत अशा दोनच बसतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. तिसरी धरायला जावे तर मध्यम किंवा निषाद शिरतो, आणि हे दोन्ही भूपात वर्ज्य. म्हणजे पियानोवाल्याने आपला धर्म पाळला की रागाचा मोडतो, आणि रागाचा पाळला तर त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. जॅझवर रागाचा नुसता शिडकावा करणारी बरीच फ्यूजन ध्वनिमुद्रणे या अडचणीकडे काणाडोळा करतात. ती ऐकायला गोड लागतात, पण विचाराच्या दृष्टीने पोकळ राहतात.

एक वाट जॅझनेच आधी काढून ठेवली होती. अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेत (१९५९) कॉर्डची धावपळ कमी करून एकाच स्वरमालेवर बराच वेळ ठाण मांडले जाते, आणि रागाशी बोलणे तिथून सोपे होते. डेव्हिसच्याच रचनांवर आधारलेल्या ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ (२००८) या ग्रॅमी नामांकित संचात बँक्स यांचा सहभाग आहे. मुंबईत १९७८ साली सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाच्या काळात गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासोबत त्यांनी केलेले प्रयोग याच दिशेचे होते.

पेच टाळणारी दुसरी वाट रागाच्या निवडीची. १९८८च्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या गीताची चाल भैरवीतली, आणि त्या संगीतात अशोक पत्कींबरोबर बँक्स यांचाही हात आहे. भैरवीत प्रघाताने बाराही स्वर चालतात, त्यामुळे भूपातली कोंडी तिथे होत नाही. मात्र हा सलोखा रागाच्या औदार्याचा आहे, त्यावरून मूळ पेच सुटला असे मानता येत नाही.

बँक्स ख्यालिये झाले नाहीत, जॅझवालेच राहिले. त्यांच्या बाबतीत टिळकांचा निकष अधिक लागू पडतो: मुंबईत त्यांनी जे काम पत्करले, ते त्यांचे झाले. विनोबांचे म्हणणेही पुरते बाद होत नाही, कारण लहानपणी घरात जे कानावर पडले तेच त्यांच्या हातात राहिले. विनोबा स्वतःही स्वधर्माचा एक भाग न बदलणारा आणि दुसरा बदलणारा मानतात. राग वाजवताना आपण पाहुणे आहोत हे ओळखून त्याची वर्ज्यावर्ज्ये सांभाळणे, हा अशा वादकाच्या स्वधर्माचा बदलणारा भाग धरता येतो.