चूक कुणाची?

जुनी बुलेट बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, तो हमखास सांगतो, "ही कधी दगा देत नाही." आमच्या घरीही हेच म्हटले जाई. त्याच वेळी अंगणात तिच्याखाली पुठ्ठा पसरलेला असे, कारण इंजिनातून तेल ठिबकत असे. पावसाळ्यात पाच-सहा किकशिवाय ती जागी होत नसे. म्हणजे विधान सरळसरळ खोटे होते. तरीही अब्बा खोटे बोलत नव्हते.

त्यांचे म्हणणे एवढेच होते की, बंद पडली तर का पडली ते कळते. प्लग काढून सिलिंडरच्या डोक्याला टेकवायचा, किक मारून ठिणगी पाहायची. ठिणगी नसेल तर पॉइंट उघडायचे, काजळी धरली असेल तर पॉलिश पेपर फिरवायचा. ठिणगी असेल तर पेट्रोल येते का पाहायचे, जेट काढून फुंकायचा. रस्त्याच्या कडेला, रुमाल पसरून होणारे हे काम. भरवसा यंत्रावर कमी आणि आपल्या हातांवर जास्त होता.

पण या भरवशाला दुसरी बाजू असते. अब्बांचे एक दोस्त लग्नांचे फोटो काढत. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्यांच्याकडे निकॉन एफएम-टू होता. 1982 साली आलेला हा कॅमेरा. त्याचे शटर पूर्ण यांत्रिक, सेल लागत ते फक्त प्रकाशमापकाला. सेल संपले तरी चाचांचे अडत नसे. भर उन्हात शंभरची फिल्म, अ‍ॅपर्चर सोळा, सेकंदाचा सव्वाशेवा भाग, हा हिशेब तोंडपाठ.

1988 च्या एका लग्नात त्यांचे एक अख्खे रीळ कोरे निघाले. निकाहचेच. फिल्मचे टोक आतल्या चाकात अडकलेच नव्हते. रीळ पुढे सरकत असेल तर डावीकडची घुंडी फिरते, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते; त्या गर्दीत पाहिले नाही. ते मुलीच्या घरी गेले आणि म्हणाले, "कॅमेरा ठीक आहे. चूक माझी." यंत्र बिघडले म्हणून सुटता आले असते, कुणाला कळलेही नसते. चाचांनी पैसे परत केले. फोटो मात्र कुठून परत येणार?

आज फोन गोठला की आपण कुणावर रागावतो? कंपनीवर, नेटवर्कवर, नशिबावर.

म्हणून जुने तेच सच्चे म्हणायला आम्ही निघालो होतो, पण आपाने अडवले. "तुमची बुलेट भरवशाची होती, ती कुणासाठी? मला तिची किक कधी बसली नाही. अम्मीने तर हातही लावला नाही." खरे होते. पॉइंट साफ करणे घरातल्या पुरुषांनाच शिकवले गेले. गॅरेजात जाऊन उस्तादांशी हुज्जत घालायची मुभाही आम्हालाच. 1984 साली आलेल्या कायनेटिक होंडाला बटन होते. त्या बटनावर आपाने पंधरा वर्षे नोकरी केली. आत काय चालते ते तिला ठाऊक नव्हते. तिचा भरवसा आमच्यापेक्षा हलका म्हणायचा काय? आम्हाला उत्तर सुचले नाही, अजूनही पुरते सुचलेले नाही.

2020 च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या बुलेटचा कार्बोरेटर गेला. धूर कमी झाला, त्याची तक्रार आम्ही का करावी?

चाचांचा कॅमेरा आता आमच्याकडे आहे. मागच्या सुट्टीत आपाच्या नातीने तो मागितला. रीळ भरून दिले, आणि शटरच्या आधी तिला डावीकडची घुंडी दाखवली.