एका चिंचेची भरपाई

मंदिराच्या आवारातील जुनी चिंच तोडून तेथे मोटारींसाठी जागा करावी काय, हा प्रश्न आज शहरातील कोणत्याही मंडळीच्या बैठकीत येऊ शकतो. तो आला की एखादे सज्जन बंधू उठून तोडगा सुचवतात, "चिंच एक जाईल, आपण दहा रोपे लावू." सर्वांच्या मनावरचे ओझे उतरते आणि ठराव मंजूर होतो. मला विचार करावयाचा आहे तो या ओझ्याचा. ते इतक्या सहज उतरावे काय? एका झाडाची भरपाई दहा रोपांनी होते, असे मानण्यास आपल्याला आधार कोणता?

सरकारी कायद्यानेही हाच मार्ग धरला आहे, हे कबूल केले पाहिजे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ साली झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले गेले, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे वय जितकी वर्षे तितकी रोपे लावावीत, असा दंडक घातला गेला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने झाडाच्या वयाच्या प्रत्येक वर्षाचे मोल ७४,५०० रुपये धरावे, असे सुचवले. या हिशेबाने ८० वर्षांची चिंच जवळजवळ ६० लाखांची होते. आपल्या पंचमंडळींनी हा आकडा वार्षिक अंदाजपत्रकाशेजारी ठेवून पाहावा! रुपयांच्या या मोजदादीवर माझा फारसा भर नाही. पण जे आपण फुकटचे समजत होतो ते फुकटचे नाही, एवढे त्यावरून कळते.

भरपाईचा विचार पवित्र शास्त्राला नवा नाही. निर्गमच्या २२ व्या अध्यायाच्या आरंभी, चोरलेला बैल मारला वा विकला तर एकाला पाच बैल आणि मेंढराला चार मेंढरे द्यावीत, असा नियम आहे. वरवर पाहता आपल्या दहा रोपांना हा चांगलाच आधार वाटेल. परंतु तेथे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ज्याचा बैल गेला त्याच्याच गोठ्यात ते पाच बैल जातात, आणि ते नांगराला जुंपता येतील असे बैल असतात. चिंचेच्या बाबतीत काय होते? तिच्या सावलीत दुपारी टोपली घेऊन बसणारी भाजीवाली, रिक्षा उभी करून घटकाभर डोळा लावणारा रिक्षावाला, शाळेतून परतणारी मुले, संध्याकाळी कलकलाट करीत उतरणाऱ्या साळुंक्या, यांच्या पदरी काय पडते? रोपे लागतात गावाबाहेर, जेथे जागा मिळेल तेथे. आणि तीही सावली देणारी झाडे नव्हेत, कमरेएवढ्या काटक्या. चिंच तर सावकाश वाढणारे झाड. आज लावलेल्या रोपाखाली बसण्याजोगी सावली येईपर्यंत ती भाजीवाली म्हातारी झालेली असेल. ज्याचे नुकसान झाले त्याला काहीच मिळाले नाही, तर त्या देण्याला भरपाई म्हणता येत नाही. ते निराळे, नवे सत्कर्म झाले; जुने ऋण तसेच राहिले.

येथे कोणी म्हणेल, मग काय झाडाला हातच लावू नये? असेही शास्त्र म्हणत नाही. अनुवादच्या २० व्या अध्यायात, नगराला वेढा दिला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, अशी आज्ञा आहे. झाड काही वेढ्यात सापडलेला शत्रू नव्हे, हे त्यामागचे कारण. पण लगेच पुढच्या वचनात, ज्यांची फळे खात नाहीत ती झाडे कामापुरती तोडण्यास मोकळीकही आहे. म्हणजे गरज पाहावी, निवड करावी, आणि घाईच्या वेळीही विचार सोडू नये. रुग्णालयाच्या वाटेसाठी झाड जाणे एक, आणि आठवड्यातून दोन तास उभ्या राहणाऱ्या मोटारींसाठी जाणे दुसरे. या दोहोंना एकाच तराजूत घालणे मला पटत नाही.

आता रोपांविषयी. हैदराबादच्या वाचकांना आठवत असेल, २०१५ च्या जुलैत तेलंगण सरकारने हरितहारम् ही मोहीम सुरू केली, आणि २३० कोटी रोपांचे उद्दिष्ट जाहीर झाले. आकड्यांचा मोह केवढा! तरी त्या राज्याच्या २०१८ च्या पंचायत राज कायद्यात लावलेल्यांपैकी ८५ टक्के रोपे जगली पाहिजेत, अशी जबाबदारी गावकारभाऱ्यांवर टाकली गेली. हे मला त्या २३० कोटींपेक्षा मोठे वाटते. मोहिमेच्या घाईत कोनोकार्पस नावाचे परदेशी झाड रस्तोरस्ती लागले. भराभर वाढते, बारमाही हिरवे दिसते. पुढे त्याच्या परागकणांमुळे श्वासाचे विकार होतात, मुळे पाण्याच्या नळांत शिरतात, अशा तक्रारी आल्या. तेलंगणात २०२२ साली आणि गुजरातेत २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी आली. लवकर दिसावे म्हणून केलेल्या पुष्कळ गोष्टींचे असे होते. कडुलिंब, करंज, वड यांना वेळ लागतो.

लेवीयच्या १९ व्या अध्यायात एक सुंदर नियम आहे. झाड लावल्यावर पहिली तीन वर्षे त्याचे फळ खाऊ नये. चौथ्या वर्षाचे फळ परमेश्वराला अर्पण करावे. पाचव्या वर्षापासून आपण खावे. रोपाची खरी परीक्षाही पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतच असते. लूकच्या १३ व्या अध्यायातील माळीही निष्फळ अंजिराकरिता आणखी एका वर्षाची मुदत मागतो, आणि त्या वर्षात आपण भोवती खणून खत घालू, असे सांगतो. नुसती मुदत मागून तो घरी जात नाही. आपल्या शाळांचे पाहा. जुलैत पाहुणे येतात, मुले रांगेने रोपे लावतात, छायाचित्र निघते. मग एप्रिलच्या अखेरीस शाळेला सुटी लागते, आणि पाण्याची सर्वांत अधिक गरज असते ते दिवस रोपाने कुलुपाआड काढायचे! जून महिन्यात त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागते, आणि त्याचीही गणती होते. शब्बाथ शाळेची स्थिती फारशी निराळी नाही.

यिर्मयाच्या २९ व्या अध्यायात बाबेलास नेलेल्या लोकांना, तेथे बागा लावा आणि त्या नगराचे हित साधा, असा निरोप आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना हा निरोप निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांनी ती चिंच लावली त्यांपैकी कित्येक असेच बाहेरून आलेले होते, आणि तिच्या पुरत्या सावलीत बसण्याइतके ते जगलेही नसतील.

म्हणून माझी सूचना एवढीच, की चिंचेचा ठराव बैठकीपुढे येईल तेव्हा प्रथम तिच्याखाली कोण कोण बसते याची यादी करावी, आणि आठवड्याच्या त्या दोन तासांसाठी शेजारच्या शाळेचे मैदान मागून पाहावे. तरीही झाड जाणारच असेल, तर त्याच आवारात, त्याच लोकांना सावली पोहोचेल अशी जागा रोपांसाठी आधी राखावी. ठरावाच्या वहीत रोपांच्या संख्येबरोबर प्रत्येक रोपाला तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्या कुटुंबाचे नाव लिहावे, आणि मे महिन्यात ते कुटुंब गावी गेले तर बादली कोणाच्या हाती जाईल, तेही.