किराण्यावरचा कर: सर्वांना सारखा म्हणजे न्याय्य का?



महिन्याच्या सुरुवातीला किराणा भरून घरी आल्यावर घरोघरी एकच सूर ऐकू येतो: पैसे तर तेवढेच गेले, पिशवी मात्र हलकी झाली. महागाईची कारणे अनेक असतात. पाऊस लांबतो, डिझेल महागते, व्यापारी साठा करून ठेवतो. ह्या कारणांपैकी एक मात्र माणसांनी बसून, विचार करून, ठराव करून ठरवलेले असते. ते म्हणजे वस्तूवरचा कर. पावसाला आपण न्याय-अन्याय विचारू शकत नाही, कराला विचारू शकतो. म्हणून आज त्याच्याकडे सदसद्विवेकबुद्धीच्या नजरेने पाहूया.

आधी वस्तुस्थिती. महाराष्ट्रात जुना विक्रीकर जाऊन १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. जीएसटीच्या सुरुवातीच्या काळात धान्य, डाळी, पीठ ह्यांच्यावर कर होता तो मुख्यतः नोंदणीकृत ब्रँडच्या पाकिटांवर. गावातल्या गिरणीवाल्याने साध्या पाकिटात भरून दिलेल्या पिठावर तो नव्हता. जून २०२२ मध्ये चंदीगडला जीएसटी परिषदेची ४७ वी बैठक झाली आणि १८ जुलै २०२२ पासून नियम बदलला. २५ किलोपर्यंतच्या, आधीच बंद करून लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, डाळ, आटा, रवा, बेसन ह्यांच्या पाकिटांवर ब्रँड असो वा नसो, ५ टक्के कर लागू झाला. पाकीटबंद दही, ताक, लस्सी ह्यांनाही तो लागला. सुटे धान्य आणि सुटे पीठ करातून मुक्त राहिले.

सुटे मुक्त आहे, मग गरिबाला काय त्रास, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु नाक्यावर कामासाठी उभा राहणारा मजूर, भाड्याच्या एका खोलीत चौघे-पाच जण मिळून राहणारे कामगार, रात्री आठला घरी पोहोचणारी घरकाम करणारी ताई, ह्यांच्यापाशी धान्य साठवायला जागा नसते आणि दळण नेऊन आणायला वेळ नसतो. त्यांच्या हाती बहुधा एक किलोचे पाकीट येते. शिवाय दुकानदाराने कर भरून घेतलेली गोणी फोडून सुटी विकली, तरी त्याने भरलेला कर त्याला परत मिळत नाही. तो त्याच्या खर्चात जातो आणि बहुधा आपल्या भावात उतरतो. उलट, मोठे घर आणि हाती रोख रक्कम असलेल्या कुटुंबाला २५ किलोंच्या वरची गोणी एकदम घेऊन हा कर कायदेशीरपणे टाळता येत होता. कर टाळण्याची सोय त्यालाच मिळाली, ज्याला तिची गरज कमी होती.

आता थोडे गणित मांडूया. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. एका कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न १५,००० रुपये आहे आणि ते ४,००० रुपयांच्या करपात्र खाद्यवस्तू घेते. दुसऱ्याचे उत्पन्न १,५०,००० रुपये आहे आणि ते ८,००० रुपयांच्या घेते. ५ टक्के दराने पहिले कुटुंब २०० रुपये कर भरते, दुसरे ४००. वरवर पाहता दुसऱ्याने दुप्पट भरला. पण उत्पन्नाशी ताडून पाहा. पहिल्याच्या शंभर रुपयांतून १ रुपया ३३ पैसे गेले, दुसऱ्याच्या शंभर रुपयांतून साधारण २७ पैसे. दर एकच, भार पाचपट. माणूस कितीही श्रीमंत झाला तरी दहापट भाकरी खात नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भागात कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ३९ टक्के वाटा अन्नावर जातो. ही झाली सरासरी. घर जितके गरीब, तितका हा वाटा मोठा.

येथे तत्त्वज्ञानातील एक जुना भेद उपयोगी पडतो. ॲरिस्टॉटलने न्यायाचा विचार करताना दोन प्रकारची समानता सांगितली. देवघेवीत वस्तू आणि मोल ह्यांची बरोबरी पाहायची. वाटणीत मात्र प्रमाण पाहायचे, कारण असमानांना सारखे देणे हाही अन्याय ठरू शकतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी हाच विचार कायद्याला लावला. कायदा सर्वांच्या हितासाठी केलेला असला, तरी त्याने लादलेले ओझे लोकांवर विषम पडत असेल तर तो कायदा न्याय्य ठरत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. संत पोप जॉन तेविसावे ह्यांनी १९६१ च्या ‘माटेर एत माजिस्त्रा’ ह्या परिपत्रकात करांविषयी हेच तत्त्व मांडले: ओझे ज्याच्या त्याच्या ऐपतीच्या प्रमाणात असावे.

आपल्या मातीतही हा विचार नवा नाही. इंग्रज सरकारचा मिठावरचा कर हे त्याचे ठळक उदाहरण. २६ मार्च १९०२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केले. तिजोरीत शिल्लक पडत असताना गरीब रयतेवर मिठाच्या कराचे ओझे कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. पुढे हा कर मणामागे अडीच रुपयांवरून १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. नंतरच्या काळात तो पुन्हा वाढला. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन ह्यांना पत्र लिहिले, त्यात त्यांनी दाखवून दिले की मीठ ही वस्तू गरिबाला श्रीमंतापेक्षा जास्तच खावी लागते, म्हणून तिच्यावरचा कर गरिबालाच अधिक जाचतो. त्याच वर्षी आपल्या किनाऱ्यावर शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. पैशांत मोजला तर तो कर लहानच होता. तो कोणाच्या ताटातून जातो, हा खरा प्रश्न होता.

विधवेच्या दानाचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. श्रीमंतांनी दानपेटीत पुष्कळ टाकले, तिने दोन क्षुल्लक नाणी टाकली. प्रभूने तिचे दान अधिक ठरवले, कारण त्याने दिलेल्या रकमेकडे पाहिले नाही, मागे काय उरले त्याकडे पाहिले. आपण हा प्रसंग दानाविषयी ऐकतो आणि तेथेच थांबतो. परंतु संत मार्कच्या शुभवर्तमानात त्याच्या अगदी आधी प्रभूने विधवांची घरे गिळणाऱ्यांना कडक शब्दांत सुनावले आहे. म्हणजे विधवेच्या उदारपणाचे कौतुक करायचे, पण तिच्यावर ती पाळी का आली हे विचारायचे नाही, अशी मुभा शुभवर्तमान आपल्याला देत नाही. कराचे मोजमापही असेच व्हायला हवे. दर किती टक्के, एवढे विचारून भागत नाही. कर भरल्यावर त्या घरात काय उरले, हेही विचारावे लागते.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. सरकारी दवाखाना, जिल्हा परिषदेची शाळा, रस्ता, पाणी हे सारे करातूनच चालते. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा योजनेतील शिधापत्रिकाधारकांना रेशनचे धान्य मोफत मिळू लागले, तोही करातलाच पैसा. घेतलेले अशा रीतीने परत पोहोचत असेल तर न्यायाचे पारडे काहीसे सावरते. मात्र परगावाहून आलेल्या, येथे कागदपत्रांची जुळवाजुळव न झालेल्या मजुराला पाकिटावरचा कर पहिल्या दिवसापासून लागतो, रेशन मात्र लागेलच असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर पुन्हा बदलले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आले, लोणी-तूप १२ वरून ५ वर आले, पाकीटबंद पनीर आणि चपातीवरचा कर गेला. ह्याचे स्वागत केले पाहिजे. पाकीटबंद तांदूळ आणि आटा मात्र ५ टक्क्यांच्या यादीतच राहिले. ठराव बदलता येतात, हे ह्यावरून दिसते. म्हणून त्यांच्याविषयी बोलणे वाया जात नाही.

आता आपल्याकडे वळूया. दुकानात विचारले जाते, “पक्के बिल हवे की कच्चे?” घराच्या लाद्या, फर्निचर, लग्नाचा हॉल, जेवणाचे कंत्राट, अशा ठिकाणी कच्च्या बिलाने हजारो रुपये वाचतात. मग मनाची समजूत घातली जाते: कर अन्यायी आहे, सरकार पैसा उधळते, मग मी का भरू? वर उल्लेखलेल्या संत थॉमस ह्यांचे नावही कोणी पुढे करील, कारण अन्यायी कायदा सहसा सदसद्विवेकबुद्धीला बांधत नाही, असेही ते म्हणतात.

परंतु नीट पाहा. हा युक्तिवाद शोभेल तर त्याला, ज्याच्यावर ऐपतीबाहेरचे ओझे पडले आहे. संगमरवर घेणारा तो नव्हे. आणि ज्याच्यावर खरोखर ओझे पडले आहे त्याला कच्च्या बिलाची सोयच नाही. एक किलो आट्याच्या छापील किमतीत कर आधीच मिसळलेला असतो, तेथे तिला कोणी काही विचारत नाही. आपण मोठ्या खरेदीवर चुकवलेला कर सरकार कोठून तरी भरून काढणारच. जो चुकवता येत नाही, तोच कर त्याला सगळ्यात भरवशाचा वाटेल. म्हणजे आपल्या कच्च्या बिलाचा काही भार शेवटी तिच्याच पिशवीत जाऊन पडतो. कर भरणे हे नैतिक कर्तव्य आहे, अशी शिकवण ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात आहे, तिचा अर्थ येथे ध्यानात येतो. तो व्यवहार केवळ आपला आणि सरकारचा नसतो. मध्ये शेजारी उभा असतो.

व्यापारी बांधवांनाही एक विनंती. कर वाढला की दुसऱ्याच दिवशी भाव चढतो, कर उतरला की जुना माल संपायची वाट पाहिली जाते. कर कमी झाल्याचा लाभ गिऱ्हाईकाचा आहे. तो स्वतःकडे ठेवणे म्हणजे जकातनाक्यावर बसलेल्या जक्कयाने केले तेच करणे. जक्कयाला चूक उमगली तेव्हा त्याने चौपट परत केले. आपल्याला चौपट नको, जेवढ्यास तेवढे पुरे.

आणि ज्यांच्या घरी कोणी कामाला येते, त्यांनी मोलकरणीचा, माळ्याचा, गड्याचा पगार शेवटचा कधी वाढवला ते आठवून पाहावे. आपली बाजारातली कुरकुर खरी असेल, तर त्यांची पाचपट खरी आहे. अनेक धर्मग्रामांत संत विन्सेंट द पॉल सोसायटीतर्फे गरजू कुटुंबांना दरमहा किराणा दिला जातो. तेथेही रक्कम किती ठरली होती हे पाहण्यापेक्षा पिशवीत काय मावते हे पाहणे बरे. दोन वर्षांपूर्वीच्या रकमेत आज तेवढे तांदूळ-तेल येत नसतील, तर आपले दानही आपल्या नकळत कमी झाले आहे.

करांचे दर ठरवणे आपल्या हाती नाही. आपल्या प्रतिनिधीला भेटून, अन्नावरचा कर उतरवा, असे सांगणे आपल्या हाती आहे. पक्के बिल मागणे आपल्या हाती आहे. आणि घरी येणाऱ्या ताईच्या हातावर येत्या महिन्यापासून थोडे अधिक ठेवणे, हे तर पूर्णपणे आपल्याच हाती आहे.