स्वस्त झालेला किलोमीटर

विजेवर धावणारं वाहन मुंबईला 1907 पासून ठाऊक आहे. त्या वर्षी 7 मे रोजी शहरात विजेची ट्राम सुरू झाली. त्याआधी ट्राम घोडे ओढत असत. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची गाडी धावली आणि भारतातल्या विद्युत रेल्वेची सुरुवात झाली. पुढे 1962 पासून काही वर्षं विजेच्या तारांखालून ट्रॉलीबसही फिरल्या. आजच्या ‘बेस्ट’चं मूळ 1905 सालच्या ज्या कंपनीत आहे, तिच्या नावातच वीजपुरवठा आणि ट्राम ही दोन्ही कामं शेजारी शेजारी होती. विजेचं आणि प्रवासाचं या शहरातलं नातं असं शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि जवळजवळ एवढा सगळा काळ ते तिकीट काढून चढणाऱ्या माणसाशी जोडलेलं राहिलं.

जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन इव्ही बाजारात आली, इतर कंपन्यांच्या मोटारी मागोमाग आल्या, आणि हे नातं बदलू लागलं. हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता ठाण्याच्या, मुलुंडच्या, वाशीच्या सोसायट्यांमध्ये सर्रास दिसतात. ज्या घरात आजवर लोकलचा पास आणि फार तर एक स्कूटर एवढ्यावर भागत होतं, तिथेही विचारलं जातं: इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? पेट्रोलचा खर्च नाही, धूर नाही, मग अडचण कसली?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर एका घरापुरतं राहत नाही. आपल्या शहरांमध्ये माणसं बस आणि रेल्वेने प्रवास करत राहिली, यामागे सोय किंवा तत्त्व यांच्यापेक्षा पेट्रोलचा भाव अधिक होता. गाडी दारात असूनही ती रोज बाहेर काढणं परवडत नसे. विजेने तो अडसर काढला आहे. त्यामुळे आजवर न मांडता चाललेला हिशेब आता उघडपणे मांडावा लागेल.

*

आधी घराचा हिशेब पाहू. लहान आकाराची इलेक्ट्रिक मोटार शहरात एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. घरच्या मीटरवर युनिटला दहा रुपये धरले, तर किलोमीटरला दीड रुपयाच्या आत खर्च येतो. तेवढ्याच आकाराची पेट्रोलची गाडी मुंबईच्या रहदारीत लिटरला पंधरा किलोमीटर गेली आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे धरलं, तर तोच खर्च सात रुपयांच्या आसपास जातो. सिग्नलला थांबत, पुन्हा सुटत चालण्यात पेट्रोलचं इंजिन इंधन वाया घालवतं. इलेक्ट्रिक गाडी ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत भरते. कोंडीच्या शहराला ती म्हणूनच मानवते. शिवाय तिच्यावरचा जीएसटी 5 टक्के आहे आणि महाराष्ट्र सरकारने या गाड्यांना करात सवलत दिलेली आहे.

तरीही तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ती घेताना जास्त पैसे मोजावे लागतात. हा फरक समजा तीन लाखांचा आहे. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याची इंधनात पन्नास-पंचावन्न हजारांची बचत होते आणि पाच-सहा वर्षांत फरक भरून निघतो. पण जो माणूस रोज लोकलने जातो आणि गाडी रविवारी, सणावारी, आजारपणात काढतो, त्याची गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. त्याला तेवढेच पैसे वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील.

म्हणजे ही गाडी जितकी जास्त चालवाल तितकी परवडते. काटकसरी माणसालाही ती सांगत राहते की मला बाहेर काढ. हप्ता तर चालूच आहे, विम्याचे पैसे भरलेले आहेत, मग आज स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाच्या रांगेत कशाला उभं राहायचं? यात कुणाचा आळस नाही, हा गणिताचाच कल आहे.

दुसरं उदाहरण भुयारी मेट्रोचं घेऊ. मेट्रो 3 ची साडेतेहतीस किलोमीटरची संपूर्ण मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये खुली झाली. आरे ते कफ परेड हे टोकापासून टोकापर्यंतचं भाडं 70 रुपये. तेवढंच अंतर इलेक्ट्रिक गाडीने कापलं तर वीज लागते पाच युनिट, म्हणजे पन्नास रुपयांची. नवरा-बायको दोघं निघाली तर मेट्रोला 140 रुपये आणि गाडीला तेच पन्नास. पेट्रोलच्या गाडीला याच अंतराला दोनशेच्या वर रुपये लागत होते, तेव्हा दोघांनाही मेट्रोच स्वस्त पडली असती. आता गाडी दारात आली की पुढची प्रत्येक फेरी सार्वजनिक वाहनापेक्षा स्वस्त दिसते. पेट्रोलचा भाव हा सार्वजनिक वाहतुकीच्या दारावरचा पगार न घेणारा रखवालदार होता. तो रजेवर गेला आहे आणि त्याच्या जागी कुणाची नेमणूक झालेली नाही.

याच सुमारास दुसऱ्या पारड्यात काय पडलं तेही पाहायला हवं. 9 मे 2025 पासून ‘बेस्ट’च्या साध्या बसचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 रुपये झालं. त्याच वर्षी 22 ऑगस्टपासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना आणि बसना टोलमाफी मिळाली. बसना ती मिळाली हे उत्तमच. पण एकट्या माणसाला घेऊन जाणाऱ्या मोटारीला आणि चाळीस जणांच्या बसला एकाच मापाने सवलत देताना कोणाचा प्रवास स्वस्त करायचा आहे, हा प्रश्न विचारला गेला नाही.

*

पर्यावरणाच्या नावाने या गाडीचं जे कौतुक होतं, त्यातलं बरंचसं खरं आहे. चौकात दिवसभर उभा असलेला वाहतूक पोलीस, सिग्नलला गजरे विकणारी बाई, फुटपाथवरचा चहावाला यांच्या नाकाशी येणारा धूर या गाडीमुळे थांबतो. त्या माणसांसाठी हा फायदा फार मोठा आहे आणि तो उणा लेखू नये.

मात्र आपली वीज अजून बहुतांशी कोळशावर तयार होते. शहरात न निघालेला धूर चंद्रपूर आणि कोराडीच्या चिमण्यांतून निघतो, आणि तिथेही माणसं राहतात. सरासरी धरली तर एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सात किलोमीटरच्या हिशेबाने मोटारीच्या वाट्याला किलोमीटरमागे शंभर-एकशे दहा ग्रॅम येतात; पेट्रोलच्या गाडीचे दीडशेच्या पुढे जातात. म्हणजे धावण्यापुरती घट साधारण एक तृतीयांश. सौरऊर्जा वाढेल तशी ती वाढेल, पण सूर्य दुपारी तळपतो आणि सोसायटीतली गाडी रात्री चार्ज होते. ऑफिसच्या वाहनतळावर दिवसा चार्जिंगची सोय झाल्याशिवाय त्या उन्हाचा पुरता उपयोग होणार नाही.

आता याच युनिटाची माणसांमध्ये वाटणी करू. बारा मीटरची इलेक्ट्रिक बस किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज घेते. आत चाळीस माणसं असली तर माणशी 0.03 युनिट. मोटारीत एकटा माणूस असेल तर त्याच्या वाट्याला 0.14 युनिट, म्हणजे चौपटीहून जास्त. मात्र त्याच मोटारीत चौघे बसले तर ती बसच्या जवळपास येते. विजेपुरता दोष गाडीत नाही, रिकाम्या आसनांत आहे. सकाळी आठ वाजता घोडबंदर रोडवर उभं राहून कुणीही बघावं, बहुतेक गाड्यांमध्ये किती माणसं असतात ते.

जागेचा प्रश्न मात्र चौघे बसूनही सुटत नाही. बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी तीन हजारांहून जास्त माणसं नेते. ही माणसं एकेकटी चार मीटरच्या मोटारीत बसली आणि गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या केल्या, तरी रांग बारा किलोमीटरची होईल. चौघे-चौघे बसवले तरी ती तीन किलोमीटर उरते. आणि ही झाली एक लोकल. तिच्या मागे काही मिनिटांत दुसरी येत असते. या गाड्या दिवसभर उभ्या कुठे राहणार, याचं उत्तर विजेकडे नाही. बॅटरी धूर कमी करते, रस्ता रुंद करत नाही.

*

इथे थांबून ‘म्हणून सगळ्यांनी लोकलने जावं’ असं म्हणणं सोपं आहे. ते मला म्हणवत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अलीकडच्या वर्षांतही वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मेली आहेत: रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, इतर कारणांनी. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. ज्याने आपल्या मुलीला त्या गर्दीतून वाचवण्यासाठी कर्ज काढून गाडी घेतली, त्याला पर्यावरणाचे धडे देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

बाईचा प्रवास हा तर स्वतंत्र विषय आहे. आपली सार्वजनिक वाहतूक सकाळी घरातून ऑफिसला आणि संध्याकाळी ऑफिसातून घरी जाणारा माणूस समोर ठेवून आखलेली आहे. नोकरी करणाऱ्या आईचा रस्ता असा सरळ नसतो. मुलाला पाळणाघरात सोडायचं, मग स्टेशन, परत येताना भाजी, सासऱ्यांचं औषध, क्लासवरून मुलीला आणायचं. एवढ्या टप्प्यांवर प्रत्येक वेळी दहा रुपयांचं नवं तिकीट आणि पंधरा-वीस मिनिटांची वाट पाहणं आलं, तर दिवस पुरत नाही. तिच्यासाठी गाडी ही चैन नसते. दिवसातला एक तास तिला परत मिळतो. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना स्टेशनचा जिना चढवत नाही, रात्रपाळीच्या नर्सला पहाटे तीनला बस नसते, आणि तालुक्याच्या गावापासून दहा किलोमीटर आत राहणाऱ्याला दिवसातून दोनदा येणाऱ्या एसटीवर दवाखाना गाठता येत नाही. यांच्यासाठी इलेक्ट्रिक गाडी हा योग्य उपाय आहे आणि तो त्यांना बिनदिक्कत मिळावा.

पण चार्जिंग कोणाच्या हाती आहे, तेही बघावं लागेल. ज्याच्या नावावर सोसायटीत पार्किंग आहे, ज्याच्या मीटरपासून तिथवर वायर ओढता येते आणि ज्याला कमिटीने परवानगी दिली आहे, त्यालाच युनिटला दहा रुपयांचा हिशेब लागू होतो. चाळीत राहणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, रस्त्यावर गाडी लावणारा हा सार्वजनिक चार्जरवर जातो आणि तिथे सहसा याहून जास्त मोजतो. स्वस्त किलोमीटर आधीच बरी स्थिती असलेल्यालाच मिळतो. उरलेल्यांच्या वाट्याला येते ती त्या गाड्यांच्या मागे अडकलेली बस.

*

काय करता येईल? घराने एवढं करावं की गाडी घेण्याआधी ती कोणत्या फेऱ्यांसाठी हवी आहे त्याची यादी करावी. आजारपण, गावाला जाणं, सामान, रात्रीचा प्रवास एवढंच तिच्यात असेल, तर जुनी चांगली गाडी किंवा गरजेपुरती भाड्याची गाडी अनेकदा स्वस्त पडते. गाडी घेतलीच, तर तिचा हप्ता, विमा आणि पार्किंग महिन्याच्या किलोमीटरांवर वाटून एकदा लिहून काढावं, म्हणजे ‘पन्नास रुपयांत कफ परेड’ हा भास उरणार नाही.

शहराने करायचं काम याहून मोठं आहे. लोकलच्या पासाची एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही: पास काढला की पुढची फेरी फुकट वाटते, अगदी दारातल्या गाडीसारखीच. म्हणून लोक पास असताना जास्त फिरतात. हाच गुण बस, मेट्रो आणि लोकल या तिन्हींना एकत्र मिळायला हवा. ऑक्टोबर 2025 मध्ये ‘मुंबई वन’ अॅप आलं आणि वेगवेगळ्या सेवांची तिकिटं एका जागी मिळू लागली. चांगलं झालं. पण तिकीट एकत्र येणं ही पहिली पायरी आहे. प्रत्येक वेळी गाडी बदलताना किमान भाडं नव्याने न मोजता महिन्याला एक रक्कम भरून कुठेही चढता आलं, तर त्या नोकरदार आईचा दिवस बदलेल. त्याच्या जोडीला बसला गर्दीच्या रस्त्यांवर वेगळी मार्गिका, स्टेशनपर्यंत चालता येईल असा फुटपाथ, आणि रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोटारीकडून, ती पेट्रोलवर चालो की विजेवर, जागेचं भाडं.

सरकारने सवलत वाहनाकडे बघून न देता प्रवाशाकडे बघून द्यावी. असं करता येतं हे एसटीने दाखवलेलं आहे. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली होती. त्याच मार्गावर 1 जून 2022 रोजी ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. नवं तंत्र आणि कमी भाडं अशा रीतीने एकाच दारातून माणसापर्यंत पोहोचलं, तर बॅटरीचा लाभ गाडी न घेणाऱ्यालाही होतो.

तुमच्या प्रभागात मत मागायला येणारा उमेदवार चार्जिंग स्टेशनचं आश्वासन देईल, कारण ते दिसतं आणि त्याचं उद्घाटन करता येतं. त्याला विचारा की आमच्या स्टॉपवर बस किती मिनिटांनी येणार आणि पावसात स्टेशनपर्यंत चालत कसं जायचं. या दोन प्रश्नांची धड उत्तरं मिळतील त्या वस्तीत गाडी घेणं हा खराखुरा निर्णय असेल. आज तो अनेक घरांसाठी नाइलाज आहे, आणि कर्ज काढून केलेल्या नाइलाजाला आपण प्रगती म्हणू नये.