पाने कुणी निवडायची?

तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या ‘योमा’ या खंडात एक छोटा प्रसंग आहे. सोन्याच्या वासराची पूजा करणाऱ्यांचे पाप एकच, मग त्यांना मरण वेगवेगळ्या तऱ्हांनी का आले, असा प्रश्न एक विदुषी रब्बी एलिएझरला विचारते. तो उत्तर देत नाही. बाईचे शहाणपण टकळीपुरते, असे ऐकवून तिची बोळवण करतो. तालमूदच्या दुसऱ्या, ‘जेरुसलेम’ पाठात हीच गोष्ट आणखी धारदार आहे. तिथे एलिएझरचा मुलगा बापावर वैतागतो, कारण त्या एका उत्तराअभावी घरात येणारे वर्षाचे तीनशे कोर धान्य बंद झालेले असते. तोराची, म्हणजे धर्मशास्त्राची, वचने बायकांच्या हाती देण्यापेक्षा जळालेली बरी, असे बाप त्याला सुनावतो. गंमत अशी, की बाईला हाकलले तरी तिचा प्रश्न ग्रंथाने टाकून दिलेला नाही. ‘योमा’त त्यापुढच्याच ओळींत त्याच प्रश्नाची उत्तरे गंभीरपणे दिली आहेत. फक्त ती ऐकायला ती बाई तिथे नव्हती.

आता ती तिथे आहे. 5 जानेवारी 2020 रोजी जेरुसलेमच्या बिन्यानेई हाउमा सभागृहात सुमारे तीन हजार स्त्रिया जमल्या, त्या तालमूदची एक अख्खी फेरी पूर्ण झाल्याचा समारंभ करायला. अशा समारंभाला ‘सियूम’ म्हणतात. त्याच आठवड्यात न्यू जर्सीच्या क्रीडांगणावर जवळपास नव्वद हजारांचा सियूम झाला होता, आणि तो प्रामुख्याने पुरुषांचा होता. आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. जेरुसलेमचा सियूम स्त्रियांनी स्त्रियांसाठी भरवला होता आणि या प्रमाणावर तसे पूर्वी कधी घडले नव्हते.

ही फेरी म्हणजे ‘दाफ योमी’, रोजचे एक पान. 1923 साली व्हिएन्नात अगुदात इस्रायल या संघटनेच्या पहिल्या जागतिक अधिवेशनात पोलंडच्या रब्बी मेइर शापिरो यांनी ही कल्पना मांडली. जगातल्या प्रत्येक ज्यूने एका दिवशी एकच पान वाचायचे, म्हणजे व्हिएन्नाहून न्यू यॉर्कला गेलेल्या माणसालाही तिथे त्याच पानावरची चर्चा चालू असलेली सापडेल. त्याच वर्षीच्या ज्यू नववर्षदिनी पहिली फेरी सुरू झाली. पाने 2711, म्हणजे जवळजवळ साडेसात वर्षे. सुट्टी नाही. सणाला पान आहे, उपासाला आहे आणि घरात सुतक असले तरी दिनदर्शिका थांबत नाही. पान म्हणजे दोन्ही बाजू. मध्ये मिश्ना हा मूळ मजकूर आणि गेमारा ही त्यावरची चर्चा, एका कडेला राशी या पंडिताचे भाष्य, दुसऱ्या कडेला तोसाफोत ही नंतरची टिपणे. भाषा मुख्यतः अ‍ॅरमेइक, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत.

या पानाची आज सर्वत्र प्रमाण मानली जाणारी प्रत 1880 च्या दशकात विल्नात छापली गेली. तिच्या मुखपृष्ठावर छापखान्याचे नाव आहे ‘विधवा आणि बंधू रोम’. ही विधवा म्हणजे डेव्होरा रोम. नवऱ्यामागे तिने दिरांच्या बरोबरीने छापखाना चालवला. म्हणजे शंभरहून अधिक वर्षे जगभरचे तालमूदी विद्यार्थी एका बाईच्या छापखान्यातून निघालेल्या मांडणीवर डोके घालून बसले आहेत. पान छापायला बाई चालत होती.

वाचायला मात्र बंदी होती, आणि तिची कायदेशीर मुळे ‘सोता’ या खंडात आहेत. बेन अझाईच्या मते मुलीला तोरा शिकवणे हे बापाचे कर्तव्य आहे, तर एलिएझरच्या मते तसे करणारा तिला स्वैरपणाच शिकवतो. दोन्ही मते ग्रंथात शेजारी शेजारी आहेत, पण बाराव्या शतकात धर्मपंडित मैमोनिदीसने आपल्या संहितेत एलिएझरची बाजू उचलली आणि तीच रूढ झाली. धाक घालायला एक गोष्टही होती. बेरुरिया ही तालमूदमधली सर्वांत तल्लख स्त्री. एका पुरुषाने तिला जरा पाल्हाळाने रस्ता विचारला, तेव्हा बायकांशी कमी बोलावे हा ऋषींचाच नियम तुम्ही मोडलात, असे म्हणून तिने त्यालाच उलटवले. तिच्याबद्दल अकराव्या शतकातल्या राशीच्या भाष्यात एक भयंकर कथा येते. नवऱ्याने तिच्या शीलाची परीक्षा घ्यायला आपला शिष्य पाठवला, ती शेवटी वश झाली आणि तिने जीव दिला. मूळ तालमूदमध्ये या कथेचा मागमूस नाही. शिकलेल्या बाईचे असेच होते, हे सांगायला ती मागाहून आली, असे मला वाटते.

मग दार उघडले कसे? याचे श्रेय पाश्चात्त्य स्त्रीवादाला देणारे पुष्कळ आहेत, कुणी कौतुकाने तर कुणी रागाने. मला हे अपुरे वाटते. 1917 साली क्राकोवमध्ये सारा शेनिरेर या शिवणकाम करणाऱ्या बाईने मुलींची ‘बेस याकोव’ शाळा काढली, तेव्हा तिला सनातनी धर्मगुरूंचा पाठिंबा मिळाला. त्यांत हाफेत्स हाईम या नावाने ओळखले जाणारे रब्बी होते. ‘सोता’वर लिहिताना त्यांनी दिलेले कारण पाहण्यासारखे आहे. पूर्वी मुली आईबापांचे बघून धर्म शिकत, आता ती परंपरा क्षीण झाली आहे, म्हणून त्यांना ग्रंथ शिकवायला हवा. अर्थात ग्रंथ म्हणजे बायबल, नीती, आज्ञांचे ज्ञान. तालमूद नव्हे. हरेदी, म्हणजे कडव्या सनातनी, मुलींच्या शाळांत तो आजही शिकवला जात नाही.

हेच निरीक्षण 1994 मध्ये इतिहासकार हाइम सोलोवेचिक यांनी एका गाजलेल्या निबंधात फार पुढे नेले. त्यांच्या मते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सनातनी समाजात धर्म कसा पाळायचा हे घर सांगेनासे झाले, पुस्तक सांगू लागले. आजीचे भांडे कोशेर (धर्मशुद्ध) की नाही हे आजीच्या सवयीवरून ठरत नव्हते, संहितेवरून ठरू लागले. त्यांच्या निबंधाचा रोख स्त्रियांवर नव्हता, पण त्याचा सर्वांत मोठा फटका कुणाला बसला असेल हे उघड आहे. स्वयंपाकघर हे स्त्रियांच्या धार्मिक अधिकाराचे क्षेत्र होते. ते पुस्तकाच्या ताब्यात गेले आणि पुस्तक त्यांच्या हाती नव्हते. सनातनी धर्माने सत्तेची जागा स्वतःच हलवली, बायका तिच्या मागे गेल्या एवढेच. याच निबंधकाराचे वडील, रब्बी योसेफ सोलोवेचिक, यांनी 1977 मध्ये न्यू यॉर्कच्या स्टर्न महाविद्यालयात मुलींच्या तालमूदवर्गाचा पहिला पाठ स्वतः घेतला. 1979 मध्ये त्याच शहरात स्त्रियांच्या अभ्यासाची ‘द्रिशा’ ही संस्था निघाली, 1988 मध्ये जेरुसलेमला ‘मतान’.

मात्र या संस्थांतला अभ्यास आणि रोजचे पान यांत फरक आहे. रानाना इथल्या रब्बानित मिशेल कोहेन फार्बर यांनी 2012 च्या फेरीत रोजचा वर्ग सुरू केला आणि त्याचे ध्वनिमुद्रण सर्वांना खुले केले. त्यातूनच पुढे ‘हद्रान’ ही संस्था आणि 2020 चा सियूम उभा राहिला. रब्बी स्टाइनझाल्त्झ यांची विरामचिन्हे आणि हिब्रू भाषांतर असलेली आवृत्ती, 2017 पासून ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर फुकट मिळणारा इंग्रजी तालमूद, कानातले पॉडकास्ट यांनी वाट सोपी केली. विद्वान नाक मुरडतात. लिथुआनियाच्या परंपरेत दोन-चार पानांवर अख्खे सत्र जाते. रोज एक पान म्हणजे नुसते वरवरचे चाळणे. आक्षेप खोटा नाही. आठवड्याभराने विचारले तर बहुतेकांना, पुरुषांनाही, सोमवारचे पान आठवत नाही.

पण स्त्रियांच्या बाबतीत हा आक्षेप मुद्दा चुकवतो. त्यांना आजवर जे वाचायला मिळाले ते कुणीतरी चाळणीतून गाळून दिलेले होते. सब्बाथ, कोशेर, सणवार, शुचिता, सद्वर्तन, म्हणजे बाईला ‘लागेल’ तेवढे. रोजच्या पानात कुणीच काही निवडत नाही. आधी विवाहकरार, मग घटस्फोट, मग शिंग मारणाऱ्या बैलाची नुकसानभरपाई, पुढे मंदिरातल्या बळीचे रक्त वेदीच्या कोणत्या कोपऱ्यावर शिंपडायचे. उपयोगाचे आणि निरुपयोगी, गोड आणि अपमानकारक, सगळे आपापल्या क्रमाने येते. टकळीचे वाक्यही येते आणि त्या दिवशी त्यावर चर्चा करणारी शिक्षिका बाई असते.

‘केतुबोत’मध्ये रव रहूमी याची गोष्ट आहे. तो महोझा गावी गुरूकडे शिकायचा आणि वर्षातून एकदाच, योम किप्पूर या उपासाच्या आदल्या दिवशी घरी यायचा. एका वर्षी अभ्यासात रमला आणि गेलाच नाही. आता येईल, आता येईल म्हणून वाट पाहणाऱ्या बायकोच्या डोळ्यातून एक थेंब गळला. त्या क्षणी तो बसला होता ते छप्पर कोसळले आणि तो मेला. अभ्यासाचे एवढे गोडवे गाणाऱ्या ग्रंथाने ही गोष्ट ठेवली आहे, हे त्याचे मोठेपण. पण ती शतकानुशतके वाचली कुणी, तर घरापासून दूर पाठशाळेत बसलेल्या पुरुषांनी. त्या बायकोला ग्रंथाने नावसुद्धा दिलेले नाही. पान वाचून मग मुलांना शाळेत सोडायला निघणारी वाचक ही गोष्ट तिच्या बाजूने वाचते, आणि मूळ मजकुरात त्या वाचनाला पुरेशी जागा आहे. लेखिका इलाना कर्शन यांच्या 2017 च्या आत्मकथनात घटस्फोट, एकटेपण, पुन्हा लग्न, मुले हे सगळे रोजच्या पानांच्या कडेने लिहिले गेले. तालमूदी साहित्यात तेवढे तरी नवीन आहे.

आपल्याविषयीचा ग्रंथ आपण न वाचल्याने काय होते, याचा अनुभव मराठी बोलणाऱ्या एका समाजाला आहे. कोकणातल्या बेने इस्रायलींनी, आपल्या शनवार तेल्यांनी, शतकानुशतके सुंता, शनिवारची विश्रांती आणि आहाराचे नियम पाळले. तालमूद त्यांच्याकडे पोहोचलाच नव्हता. ते इस्रायलला गेले आणि 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बिनेटने, म्हणजे रब्बींच्या सर्वोच्च मंडळाने, विवाहनोंदणी करणाऱ्यांना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश दिला. शंका अशी, की तालमूदी घटस्फोटाचे आणि निपुत्रिक विधवेच्या दिराशी लग्नाचे नियम माहीत नसताना झालेल्या पुनर्विवाहांची संतती धर्मदृष्ट्या निर्दोष आहे का? ज्या कायद्याचे नावही पणजोबांनी ऐकले नव्हते, त्यावरून पणतूचे लग्न अडले. 1964 मध्ये जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले, क्नेसेतने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, हस्तक्षेप केला, तेव्हा रब्बिनेटने माघार घेतली. तो निकाल संसदेच्या दबावाने लागला, तालमूदच्या भाषेत त्यांना स्वतःला वाद घालता येत नव्हता.

ज्यू स्त्रियांची स्थिती अशीच होती, फक्त कितीतरी अधिक काळ. ‘नाशीम’, म्हणजे ‘स्त्रिया’, हा तालमूदचा एक पूर्ण विभाग आहे. फेरी ज्या खंडाने संपते तो ‘निद्दा’ 72 पानांचा आहे आणि रजस्वलेच्या नियमांवर आहे. त्यात डागाचा रंग पुरुष पाहतात, पुरुष ठरवतात. ती पाने स्त्रियांनी वाचल्याने रंगांची यादी बदलली नाही. पण ‘निशमत’ संस्थेतून 1999 पासून बाहेर पडलेल्या स्त्री-सल्लागारांना आता बायका ते प्रश्न थेट विचारतात, आणि पूर्वी लाजेने न विचारलेलेही विचारतात.

घटस्फोटाच्या बाबतीत मात्र वाचन अजून दाराशीच अडते. ‘गित्तीन’ या घटस्फोटावरच्या खंडाची 89 पाने 2023 च्या उन्हाळ्यात वाचली गेली. शेवटच्या पानावर सोडचिठ्ठीला कारण काय पुरते यावर तीन मते आहेत. व्यभिचारच हवा, जेवण बिघडवले तरी पुरे, दुसरी अधिक सुंदर सापडली तरी पुरे. तिन्हींत देणारा नवरा. त्याने दिली नाही तर बायको अडकून पडते आणि इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने-घटस्फोट धर्मपीठाकडेच असल्याने हा जिवंत कायदा आहे. 1990 च्या दशकापासून स्त्रिया तिथे ‘तोएनेत’ म्हणून बाजू मांडतात. जुलै 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुख्य रब्बिनेटच्या परीक्षांना स्त्रियांना बसू द्यावे असा निकाल दिला. धर्मपीठावर न्यायाधीश म्हणून मात्र पुरुषच बसतात. गित्तीन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली बाई त्या दालनात कोणत्या पानावर काय आहे हे दाखवू शकते, निकालावर सही करू शकत नाही.